कृष्णाकाठची फेरी

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठाने मुलाबाळांसह, घरच्या कुत्र्याला घेऊन फिरायला जाणं यासारखं सुख नाही. पण हा काठ मगरींचाही आहे, हे ध्यानात ठेवायला हवं.

थंडीत सकाळी मगर जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेली दिसते. तो राग नव्हे, शरीराचं तापमान राखण्याची तिची रीत आहे. उन्हाळ्यात मात्र मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि राखण करते. तेव्हा ती अंगावर येऊ शकते. पाणी प्यायला उतरलेला कुत्रा मगरीला सहज सापडतो. म्हणून त्याचा पट्टा हातातून सोडू नका. पाणी घरूनच न्या. मुलांना काठापासून लांब ठेवा.

आता टिटवीचं पाहा. खड्यांमध्ये मातकट, ठिपकेदार अंडी असतात. पाऊल पडेपर्यंत कळतही नाहीत. कडक उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. कुत्र्याने तिला उठवलं, की अंडी उन्हात तापतात. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर आल्या वाटेने मागे फिरा.

कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर टोचून घ्या. जखमी प्राणी दिसला तर हात न लावता वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. नदीवर आपल्याइतकाच या प्राण्यापक्ष्यांचाही हक्क आहे. तो आपण मनापासून जपू या.