भाकरीचे घर : मंडळीच्या कुटुंबांचा नाताळ कसा योजावा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. परंतु आमच्या मंडळीचा नाताळचा मेळावा गेल्या वर्षी आम्ही बायकांनी पार पाडला, त्याची हकिकत सांगावी असा आपला आग्रह पडला, म्हणून उभी आहे. मंडळी म्हणजे आमच्या ख्रिस्तमंदिरात जमणारी कुटुंबे, हे शेजारणींसाठी सांगून ठेवते. आमची घरे ६० आणि माणसे लहानथोर मिळून सुमारे २५०.

आमच्या मुली म्हणाल्या, "यंदा थीम ठेवू या." मुली ज्याला थीम म्हणतात त्याला मी सूत्र म्हणते. फुले कितीही असली तरी दोरा नसेल तर हार होत नाही. दोरा एकच हवा आणि तो पक्का हवा. कोणी म्हणाले बर्फाचा देखावा करू, कोणी म्हणाले सगळ्यांनी तांबडे कपडे घालू. आता नगरकडे बर्फ कोठला? आणि तांबडे कपडे म्हणजे घरटी चार नवे जोड. हा खर्च कोणाला झेपेल आणि कोणाला झेपणार नाही, याचा विचार आधी करावयास हवा होता.

कारण एक गोष्ट आम्हां साऱ्यांना ठाऊक होती, पण कोणी बोलत नव्हते. आमच्यातील एक विधवा भगिनी सलग दोन नाताळ प्रीतिभोजनाला आल्या नव्हत्या. विचारले की मुलांना ताप आहे असे सांगत. ताप नव्हता. मटणाच्या जेवणाची वर्गणी आणि मुलांच्या भेटवस्तूंची अदलाबदल, या दोन गोष्टी त्यांना जड जात होत्या. त्यांच्यासारखी आणखी चार-पाच घरे होती. ज्याचा जन्म गोठ्यात झाला त्याच्या जयंतीला पैशांवाचून कोणी घरी बसावे, ही आम्हांला खाली मान घालावयास लावणारी गोष्ट होती.

तेव्हा सूत्र शोधले ते पवित्र शास्त्रातूनच. बेथलेहेम या इब्री नावाचा अर्थ आहे "भाकरीचे घर". आणि येशू ख्रिस्ताने पुढे स्वतःला जीवनाची भाकर म्हटले. याच गावात रूथची कथा घडली. रूथ ही परमुलखातील, मवाबी विधवा. सासू नामीबरोबर ती बेथलेहेमास आली आणि सातूच्या शेतात सरवा वेचून तिने दोघींचे पोट भरले. ती पुढे दावीद राजाची पणजी झाली. एका गावाच्या नावात भाकरी, विधवा आणि बाळ येशू असे तिन्ही आले. मग दुसरे सूत्र कशाला?

पहिला प्रश्न खर्चाचा. मिझोराममधील ख्रिस्ती बायका रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. शंभराहून अधिक वर्षे ही रीत चालू आहे. तीच आम्ही ज्वारीची केली. १ नोव्हेंबर ते २० डिसेंबर हे ५० दिवस. बाईची एक मूठ साधारण ४० ग्रॅम धरली, तर एका घरातून २ किलो ज्वारी होते. रोज एक मूठ काढताना कोणाला जड जात नाही. नियम असा केला की ज्वारी मोजायची नाही आणि कोणाच्या नावाने लिहायची नाही. सगळ्यांनी आपापली पिशवी आणून एकाच पोत्यात ओतायची. पोत्यात पडलेला दाणा कोणत्या घरचा हे कोणाला सांगता येत नाही.

एकंदर ज्वारी १०० किलोंच्या वर भरली. बायकांनी मंदिराच्या ओट्यावर बसून ती पाखडली, निवडली. दळण मात्र मेळाव्याच्या दोनच दिवस आधी काढले, कारण ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. एक किलो पिठाच्या १० ते १२ भाकरी होतात. माणशी दोन भाकरी आणि वर थोड्या अधिक, अशा ६०० भाकरींना ६० किलो पीठ पुरले. घरटी एक किलो पीठ वाटून दिले आणि प्रत्येक घरून दहा भाकरी परत आल्या. उरलेली ज्वारी मंडळीतील एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पोचवली. आमटीला १२ किलो तूरडाळ आणि भाजीला २५ किलो वांगी लागली. त्यांचा आणि गूळ-शेंगदाण्यांचा खर्च बंद पेटीतून निघाला. पेटीत कोणी काय टाकले ते पाळकसाहेबांनाही कळले नाही. मटण नाही म्हणून काही पुरुष मंडळी कुरकुरली. परंतु बिनमांसाचे जेवण असल्यामुळे आमच्या शेजारणीही निःशंकपणे पंगतीला बसल्या.

मेळावा २६ तारखेस संध्याकाळी ठेवला. २५ ला उपासना असते, घरोघरी करंज्या आणि पाहुणे असतात. त्या दिवशी बाईला उसंत नसते.

आता सजावट. दिवाळीचे आकाशकंदील प्रत्येक घरी माळ्यावर पडलेले असतात. शेजारणींनी ते दिले. मुलांनी बांबूच्या कामट्यांना पतंगाचा कागद लावून एक मोठी चांदणी केली. गव्हाण खरी, कडबा खरा. १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावी संत फ्रान्सिस यांनी खरा बैल आणि गाढव आणून गव्हाणीचा देखावा उभा केला होता. आम्ही जनावरे आणली नाहीत. लहान मुलांच्या गर्दीत ती बुजतात. आणि कडब्याजवळ एकही मेणबत्ती लावू दिली नाही. तेथे विजेचे दिवेच हवेत, आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात.

फाटकाशी एक टेबल मांडले. येशूच्या जन्माच्या वेळी कैसर औगुस्ताच्या हुकमाने नावनिशी चालली होती, म्हणून आम्हीही नावनिशी केली. प्रत्येक कुटुंबाने आपली नावे आणि मूळ गाव वहीत लिहावे. मुलांना मौज वाटली, आणि पंगतीला माणसे किती हे स्वयंपाकघरात आयतेच कळले. त्या रात्री योसेफ आणि मरीयेला उतारशाळेत जागा मिळाली नव्हती. म्हणून दारावर आम्ही पाटी लावली : "येथे जागा आहे." पाटी लावली की तसे वागावे लागते. तेव्हा पुढच्या खुर्च्या काढून टाकल्या आणि सर्वांना सतरंजीवर बसवले.

मुलांचे नाटक वीस मिनिटांचे, प्रवेश तीनच : रूथचा सरवा, मेंढपाळ आणि गव्हाण. मेंढपाळांना घरची घोंगडी, रूथला आजीचे लुगडे. मागी लोक तीनच होते असे मत्तयाने कोठेही लिहिलेले नाही. तीन आहेत ती दाने, सोने, ऊद आणि गंधरस. म्हणून आम्ही सात मागी केले आणि एकही मूल रडले नाही. गाण्यांना पेटी आणि तबला. रेव्हरंड टिळकांनी आपल्याच चालींवरची भजने देऊन ठेवली असताना मोठ्या कर्ण्याची गरज नसते. भेटवस्तूंची अदलाबदल बंद. प्रत्येक मुलाला सारखेच दोन शेंगदाण्याचे लाडू.

शेवटचा नियम बायकांनी नीट ऐकावा. स्वयंपाक करणारी बाई नेहमी शेवटच्या पंगतीला, गार आमटीवर बसते. आम्ही ठरवले की पहिली पंगत बायकांची आणि म्हाताऱ्यांची, व वाढणार पुरुष. पंचांनी कमरेला पंचे गुंडाळून आमटी वाढली. थोडी सांडली, पण वाढली.

त्या भगिनी आल्या का, असे आपण विचाराल. आल्या, दोन्ही मुले घेऊन आल्या. भाकरीला त्यांच्यासारखा हात आमच्यात दुसऱ्या कोणाचा नाही. आठवडाभर आधी शाळेतल्या मुलींना भाकरी थापायला त्यांनीच शिकवले. यात आम्ही त्यांच्यावर उपकार केले असे कोणी समजू नये. त्यांची जागा होतीच. ती आम्ही वर्गणीच्या कागदाखाली झाकून ठेवली होती.

भगिनींनो, आपल्या मंडळाचे हळदीकुंकू असो, कोजागरी असो की नाताळ असो, सूत्र निवडताना एवढेच विचारावे : सर्वांत गरीब घराला यात बरोबरीने हात लावता येईल काय? येत असेल तर ते सूत्र चांगले. नसेल तर ते कितीही सुरेख दिसले तरी सोडून द्यावे.