पाण्याची वाट, चाकाची वाट

श्रोतेहो, डोंगरावरची पायवाट पावसाळ्यांत कशी बिघडते, हें आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. पाणी वाटेंत शिरतें, वाटेनेंच खालीं धांवूं लागतें, आणि दोनचार पावसाळ्यांत त्या वाटेची घळ होते. लोक मग घळ टाळून कडेनें चालतात, आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. दोष कोणा एकाच्या पावलाचा नसतो. वाट आंखतांना पाण्याचा विचार झालेला नसतो. हें आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, ज्या मंडळींविषयीं मी आज बोलणार आहें, त्यांचा बराचसा उद्योग पाण्याशीं समेट करण्याचाच आहे.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर शहर आहे. त्याच्या समोर, बरार्ड खाडीपलीकडे, सायप्रस, फ्रोम व सीमोर असे तीन डोंगर उभे आहेत. या भागाला नॉर्थ शोअर म्हणतात. भूमि मूळची स्क्वॉमिश, त्स्लेल-वाउतुथ व मस्क्वीम या आदिवासी राष्ट्रांची. हेमलॉक, डग्लस फर आणि सीडर यांचें दाट रान, मुबलक पाऊस, आणि पायाखालीं मुळें, दगड व चिखल.

डोंगरी सायकलीचा खेळ जन्मला तो मात्र या रानांत नव्हे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं कॅलिफोर्नियांतील फेअरफॅक्स गांवाजवळ कांहीं तरुणांनीं जुन्या जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून खालीं पिटाळण्याची शर्यत लावली. उतार संपेपर्यंत मागच्या चाकाच्या ब्रेकांतलें ग्रीज तापून धूर होऊन जाई, व तें पुन्हा भरावें लागे. म्हणून शर्यतीचें नांवच ‘रीपॅक’, म्हणजे पुनर्भरण, असें पडलें. पुढें खास डोंगरासाठीं सायकली तयार होऊं लागल्या आणि १९८० नंतरच्या वर्षांत हा नाद नॉर्थ शोअरलाही लागला.

तेथील हौशी तरुण कुदळफावडें घेऊन रानांत शिरले आणि कोणाला न विचारतां, लपूनछपून वाटा पाडूं लागले. चिखल ओलांडावयाचा कसा? तर पडलेलें सीडरचें खोड फोडून फळ्या काढावयाच्या, आणि शिडीसारखा पूल ठोकावयाचा. सीडरचें लाकूड सरळ फाटतें, आणि ओलाव्यांत लवकर कुजत नाहीं. गरजेंतून निघालेली ही युक्ति लवकरच हौसेवर गेली. पूल उंच झाले, अरुंद झाले, आणि १९९० नंतरच्या दशकांत त्यांची कीर्ति जगभरच्या सायकलस्वारांत पसरली.

कीर्तीबरोबर तक्रारीही आल्या. चालणाऱ्यांची शांतता मोडली. झाडांचीं मुळें उघडीं पडलीं. कोणी पडून जायबंदी झाला तर जाब कोणी द्यावयाचा, ही अधिकाऱ्यांना धास्ती. कांहीं पूल उखडण्यांतही आले. या तक्रारी खोट्या नव्हत्या, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. रान सर्वांचें आहे, एवढ्यावरून तें वाटेल तसें खणण्याची मुभा कोणा एकाला मिळत नाहीं.

१९९७ सालीं सायकलस्वारांनीं आपला संघ स्थापन केला : नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन. चोरून खणणारे हात हळूहळू उघडपणें, जमिनीच्या व्यवस्थापकांच्या संमतीनें, खणूं लागले. काम तेंच, हत्यारें तींच. पण संमतीबरोबर जबाबदारी आली, आणि जबाबदारीबरोबर शास्त्र.

तें शास्त्र ऐकण्यासारखें आहे. डोंगराच्या कुशींत अरुंद सपाटी कापावयाची. वरचा पालापाचोळ्याचा थर काढून खालची घट्ट माती उघडी करावयाची, कारण कुजका पाला पाणी धरून ठेवतो. वाटेची दरीकडची कड किंचित् खालीं ठेवावयाची, म्हणजे पाणी वाट ओलांडून जातें, वाटेनें धांवत नाहीं. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा ठोकताळा आहे : उतार शंभरांत २० असेल, तर वाट शंभरांत १० च्या आंत. उतरत्या वाटेला अधूनमधून थोडा उलटा चढ द्यावयाचा. त्या खळग्याशीं पाण्याचा वेग मोडतो, व तें बाहेर पडतें. जेथें ओल हटतच नाहीं, तेथें दगड बसवावयाचे.

मग मातीचा खरा शत्रु कोण? १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेंतील मॉन्टाना संस्थानांतल्या एका अभ्यासांत पादचारी, घोडे, मोटारसायकली व सायकली यांची तुलना केली होती. भिजविलेल्या वाटेवर चाकांपेक्षां टापांनीं व पावलांनीं अधिक माती मोकळी केली, असें आढळलें. पण एवढ्यानें सायकल निर्दोष ठरत नाहीं. वळणावरून वेगानें आलेलें चाक चालणाऱ्याचा थरकाप उडवितें, आणि ओल्या मातींत ब्रेक दाबून घसरत नेलेलें चाक चर पाडतें. त्या चरांत पाणी शिरलें कीं, आरंभीं सांगितलेली कथा पुन्हा सुरू होते.

म्हणून संघाचें मोठें काम नव्या वाटेचें नव्हे, जुन्या वाटेच्या निगेचें आहे. एकेक वाट एखादी संस्था किंवा पेढी दत्तक घेते आणि तिच्या दुरुस्तीचा भार उचलते; ठरलेल्या दिवशीं स्वयंसेवक जमतात, तुंबलेले निचरे मोकळे करतात, कुजलेल्या फळ्या काढतात, माती दाबतात. जुन्या उंच पुलांपैकीं कित्येक आज राहिले नाहींत, आणि दगडमातीच्या साध्या वाटेवरून चालणारे व सायकलस्वार दोघेही जातात. पहिल्या धाडसी मंडळींचें श्रेय मला कमी करावयाचें नाहीं. पण त्यांनीं पाडलेली वाट टिकली, ती मागाहून फावडें घेऊन येत राहिलेल्यांमुळें.

श्रोतेहो, पुढच्या वेळीं आपण डोंगरावर जाल, तेव्हां वाटेंत पाणी कोठून शिरतें एवढें अवश्य पाहा. तुंबलेला निचरा दिसला, तर दोन मूठ पाला बाजूला करा.