जुना ड्रायर घेण्याआधी

(पाड्यांवरील बचत गटांच्या छपाई वर्गात गोडदेव, भाईंदर पूर्व येथे एका स्क्रीन प्रिंटिंग कारागिराने केलेले भाषण.)

पहाटेच्या डहाणू लोकलने तुम्ही आलात, म्हणून कामाचंच बोलतो. गटाच्या बचतीतून जुना ड्रायर घ्यायचं तुम्ही ठरवताय, असं ताई म्हणाल्या. चांगलं आहे. पण इसार देण्याआधी माझं ऐका.

माझा पहिला ड्रायर मी जुनाच घेतला. गेलो तेव्हा मशीन आधीच तापवून ठेवलं होतं. बेल्ट फिरत होता, वाफ येत होती. मी खूश होऊन रोख पैसे मोजले. पुढे एका शाळेचे दीडशे टी-शर्ट छापले. पहिल्याच धुण्यात पांढरी शाई निघाली. चारांपैकी दोन हीटर बंद होते. पैसे परत केले आणि ते गिऱ्हाईकही गेलं.

तेव्हा एक गोष्ट कळली. सुकणं वेगळं, पक्कं होणं वेगळं. प्लास्टिसॉल शाई हवेत कधीच सुकत नाही. शाईचा पूर्ण थर साधारण 160 अंश सेल्सिअसपर्यंत तापला, तरच ती पक्की होते. त्याला आम्ही क्युरिंग म्हणतो. वारली चित्राला पांढरी शाई जाड लागते. भाकरी वरून करपावी आणि आत कच्ची राहावी, तसं तिचं होतं. हाताला कोरडी लागते, पण खाली कच्ची असते.

म्हणून आधी विचारा, आपल्याला ड्रायर हवाच का? कागद, लग्नपत्रिका छापत असाल तर जाळीचा रॅक पुरतो. कापडी पिशव्यांवर पाण्याची शाई वापरत असाल, तर त्यात फिक्सर घालून, सावलीत वाळवून, डब्यावर लिहिल्याप्रमाणे इस्त्री केली तरी थोडं काम निभतं. रोजचं काम शेकड्यांत गेलं, तर मशीन बघा.

दुसरा प्रश्न विजेचा. 16 बाय 16 इंचांचा फ्लॅश ड्रायर साधारण दीड-दोन किलोवॅट खातो. तो घरच्या 16 अँपियरच्या प्लगवर चालतो. चार किलोवॅटच्या टनेलला 17 अँपियरहून जास्त लागतात, म्हणजे वेगळी लाइन हवी. काही मशीनना थ्री फेज लागतो. पाड्यावर तो आहे का? शिवाय दाब कमी असला की उष्णता फार पडते. 230 व्होल्टचे 180 झाले, तर हीटर जेमतेम 61 टक्के उष्णता देतो. इथे भाईंदरच्या गाळ्यात पास झालेलं मशीन तुमच्याकडे नापास होऊ शकतं. आधी संध्याकाळी, सगळ्यांचे दिवे लागल्यावर, घरचा व्होल्टेज मोजून घ्या.

आता बघायला जाल तेव्हा. फोनवरच सांगा, मशीन थंड ठेवा, आमच्यासमोर चालू करा. ओळखीचा वायरमन सोबत न्या. प्रत्येक हीटरच्या वायरला क्लॅम्प मीटर लावायला सांगा. करंट दाखवत नसेल, तर तो हीटर मेलेला. अर्थिंग तपासा. बेल्टच्या कडा उसवल्यात का, तो एका बाजूला सरकतो का, ते पाहा.

आपलं कापड आणि आपली शाई न्या. बेल्टच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूने एकेक नमुना सोडा. तापमान दाखवणारी पट्टी मिळाली तर शाईवरच चिकटवा, कारण मशीनवरचा आकडा आतल्या हवेचा असतो. नमुना थंड झाल्यावर ताणा. शाई तडकली तर ती कच्ची. मग घरी नेऊन पाच वेळा धुवा. विकणारा म्हणेल, "आजच घ्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." उभं राहू द्या.

फार जुन्या मशीनच्या आत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका, झाडू नका. असं मशीन घेऊच नका.

किंमत म्हणजे फक्त विकणाऱ्याने सांगितलेला आकडा नव्हे. टेम्पो, हमाली, वायरिंग, नवा बेल्ट, एखादा हीटर हे सगळं वहीत मांडा. ती बेरीज नव्या मशीनच्या जवळ जात असेल, तर थांबा. आणि मशीनचा नंबर लिहिलेली पावती गटाच्या नावाने घ्या.

हा पैसा एकेका बाईने महिन्याला थोडा थोडा बाजूला काढलेला आहे. घाईत गेला, तर पुढच्या वेळी कुणी विश्वासाने वही उघडणार नाही. बघायला जायच्या दिवशी मला हाक मारा, मी नमुन्याचं कापड घेऊन येतो.