किल्ल्या काकीकडे, सातबारा कुणाकडे?

(आकाशवाणी, रत्नागिरी केंद्रासाठी लिहिलेलं भाषण)



आमच्या शेजारच्या काकीच्या माजघरात, देवाच्या फळीखाली, एका खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा टांगलेला असतो. त्यात तिच्या स्वतःच्या घराची किल्ली एकच. बाकीच्या वाडीतल्या बंद घरांच्या. एकीला लाल चिंधी, एकीला काळा गोफ, एकीला नुसतीच सुतळी. मुंबईला निघालेली माणसं कुलूप लावतात, दोनदा ओढून बघतात, किल्ली काकीकडे देतात आणि एसटी पकडतात. मिरगाच्या आधी काकी ही घरं एकेक करून उघडते. कौलं कुठे सरकली आहेत ते बघते, भिंतीला वाळवीची माती दिसली तर केरसुणीनं पाडते, खिडक्या तासभर सताड उघड्या ठेवते. एकदा मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला करतेस? म्हणाली, "घराला मानसाचा वास लागतो, बाबा. नायतर घर पडतं."

ही वाडी संगमेश्वर तालुक्यातली. नाव सांगत नाही, कारण तुम्ही लांज्याचे असा, राजापूरचे असा नाहीतर मंडणगडचे, तुमच्याही वाडीत असा एक जुडगा कुणाच्या तरी खिळ्याला असणारच.

२००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार ७७७ माणसं होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार ६९ भरली. दहा वर्षांत ८१ हजारांवर माणसं कमी झाली, आणि त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या मात्र जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. राज्यात माणसं कमी झालेले जिल्हे तीनच निघाले : आपला रत्नागिरी, शेजारचा सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. राज्यात हे प्रमाण सर्वांत जास्त. कमावते पुरुष बाहेरगावी, आणि घर, गोठा, शेत बायकांच्या अंगावर, असा त्या आकड्याचा अर्थ आहे.

जाणं आपल्याला नवं नाही. गिरणगावात आपल्या गावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीनं झोपत आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर गावाला येई. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, बरेच जण मोकळ्या हातानं परत आले. पण त्यांची मुलं पुन्हा मुंबईलाच गेली. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा आपल्याला वाटलं, आता गाव जवळ आलं. गणपतीला आणि शिमग्याला आलंही. एरवी त्या गाडीनं गावातली तरुण मुलं नेली, हे आपण मान्य केलं पाहिजे.

तरी गाव संपलं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शेजारच्या गावात हापूसच्या बागांची राखण करायला नेपाळी कुटुंबं राहतात. हिमालयाच्या पायथ्याचा माणूस बायकामुलांसह पोटासाठी इथे येतो, म्हणजे इथे काम आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं काढलेली वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही काजूची कलमं सड्याच्या उतारावर तिसऱ्या वर्षापासून धरू लागतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्याच्या जमिनीत तो ठरत नाही, उताराला लागून खाडीत जातो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर येतो. पण पाऊस सरल्यावर पऱ्याला गावातलेच दगड आणि प्लास्टिकचा कागद वापरून बांध घालायची युक्ती दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण विजय बंधारा' या नावानं दाखवून दिली आहे. जमीन आहे, कलम आहे, पाणी अडवायची रीत माहीत आहे. मग अडतं कुठे?

ते मला काकीच्या वरकशीवर कळलं.

घरामागच्या उतारावर काकीची दोन एकर जमीन. सासऱ्यांच्या काळात तिथे नाचणी-वरी व्हायची, मग पडीक राहिली आणि रानमोडीनं भरली. चार वर्षांपूर्वी काकीनं मनात घेतलं, इथे काजू लावायचा. स्वतः कोयत्यानं रान काढलं, सावड घालून शेजारणींकडून खड्डे मारून घेतले. फळबाग लागवडीची भाऊसाहेब फुंडकर योजना आहे, आणि कोकणात त्यात दहा गुंठ्यांपासून दहा हेक्टरपर्यंत लागवड करता येते. अर्ज लिहायला काकी माझ्याकडे आली. मी म्हटलं, आधी सातबारा काढू.

सातबाऱ्यावर सत्तावीस नावं होती. पहिलं नाव काकीच्या आजेसासऱ्यांचं, त्यांना जाऊन चाळीसएक वर्षं झाली. खालच्या नावांपैकी निम्मी माणसं हयात नाहीत. एकाचा मुलगा दुबईला, एकीची नात नालासोपाऱ्याला, एका घराचा तर पत्ताच कुणाला ठाऊक नाही. आणि त्या सत्तावीस नावांत काकीचं नाव नव्हतं. नवरा मुंबईत वारला, त्याची वारस नोंद करायची राहून गेली. त्या जमिनीत तिचे हातपाय झिजले, पण कागदावर ती तिथे कुणीच नव्हती.

सामाईक जमिनीवर योजना घ्यायची तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. मी एकेकाला फोन लावले. नाही कुणीच म्हणालं नाही. जो तो म्हणे, "काकीला सांग, लाव की खुशाल, आम्ही कुठे अडवतोय?" त्यांचं काकीवर प्रेम आहे, त्यात खोट नाही. पण सहीसाठी गावाला यायला कुणाला सवड झाली नाही. काकीनं मारलेले खड्डे त्या पावसाळ्यात पाण्यानं भरले आणि पुढच्या पावसाळ्यात रानमोडीनं.

अशी वेळ आपल्यावरच आली आहे असं नाही. इंडोनेशियातल्या जावा बेटावरही मुलं कामासाठी जकार्त्याला जातात आणि रमजान ईदला लाखोंच्या संख्येनं गावाकडे परततात. त्या परतण्याला तिकडे 'मुदिक' असा खास शब्द आहे. आपल्या चाकरमान्यांच्या गणपतीच्या गाड्या पाहिलेल्या माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागणार नाही. आपल्या सावडीसारखी, एकमेकांच्या कामाला हात लावायची 'गोतोंग रोयोंग' ही रीतही त्यांच्याकडे आहे. २०१४ साली तिथे गावांसाठी कायदा झाला आणि २०१५ पासून सुमारे ७५ हजार गावांना केंद्राच्या तिजोरीतून थेट निधी जाऊ लागला. योगायोगानं त्याच वर्षी चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे आपल्या ग्रामपंचायतींच्या खात्यात थेट यायला लागले. पण तिकडची मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. २०१७ पासून त्यांनी गावंच्या गावं घेऊन एकेक तुकडा मोजायची आणि ज्याची जमीन त्याच्या हातात दाखला द्यायची देशभर मोहीम चालवली. नुसत्या निधीनं रस्ता होतो, पाखाडी होते, दिवे लागतात. झाड लावायला जमिनीवर आपलं नाव असावं लागतं.

आपल्याकडे २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली जात आहेत, घरांची मिळकत पत्रिका मिळते आहे. चांगलं काम आहे. पण ड्रोन घराची हद्द दाखवील, वरकशीतला चुलतभावाचा वाटा दाखवणार नाही. तो आपणच बसून ठरवायचा आहे.

आणि बसताना बायकांची नावं विसरू नका. १९९२ सालीच महाराष्ट्र सरकारनं लक्ष्मी मुक्ती योजना आणली. नवऱ्यानं स्वखुशीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं, यासाठी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्यासाठी गावोगाव मोहीम केली होती. ज्या जिल्ह्यात शेत बायकाच कसतात त्या जिल्ह्यात ते नाव घरोघरी लागायला हवं होतं. लागलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबई, पुणे, ठाणे, विरार इथून गावाला येणाऱ्या माझ्या बंधूभगिनींनो, गौरी-गणपतीचे दिवस असे असतात की सातबाऱ्यावरची माणसं एका ओटीवर सापडतात. भाऊ आलेले असतात, गौरीला माहेरवाशिणी आलेल्या असतात. आरती झाली की प्रसादाबरोबर सातबाऱ्याची एक प्रत मधे ठेवा. मेलेल्यांच्या वारस नोंदी राहिल्या असतील तर त्यांचे अर्ज भरा. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वाटप नको असेल तर निदान जो गावात राहतो, जो राबतो, त्याला संमतीपत्र लिहून द्या. तुमचा वाटा त्यानं जात नाही. उतारावर झाडं उभी राहतात, आणि झाडं राखायला घरातला एखादा मुलगा मागे राहण्याचा विचार तरी करतो.

काकी आता सत्तरीला आली आहे. यंदाही तिनं मिरगाच्या आधी घरं उघडून बघितली. गणपतीला तुम्ही याल, किल्ली मागाल, ती चिंधी ओळखून काढून देईल. जाताना ती किल्ली परत करायला तिच्या ओटीवर चढाल, तेव्हा सही केलेलं संमतीपत्र तिच्या हातात ठेवूनच मग एसटी पकडा.