लिहिलेला सूर आणि सुचलेला सूर



आपल्या मालवण-कुडाळकडे कार्तिकात जत्रांना सुरुवात होते आणि देवळापुढे रात्रभर दशावतार रंगतो. आपण त्याला धयकालो म्हणतो. या नाटकाची पोथी नटाच्या हातात नसते. आख्यान कुठलं, कुणी कुठलं सोंग घ्यायचं, कुणामागून कुणी यायचं, एवढं ठरलं की झालं. पुढचं बोलणं समोर उभं राहिल्यावर सुचायचं. तरी कथा वाट चुकत नाही, कारण पुराण नटाच्या अंगात मुरलेलं असतं आणि पेटी, मृदंग, झांज यांनी पाया धरून ठेवलेला असतो.

हीच गोष्ट आज मी आपल्याला पश्चिमेकडच्या दोन संगीतांच्या आधारे सांगणार आहे. एक युरोपातलं बरोक संगीत, साधारण १६०० ते १७५० या काळातलं. दुसरं जॅझ, जे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी उभं केलं. लोक समजतात की पहिलं सगळं कागदावर बांधलेलं आणि दुसरं अगदी मोकाट. मग या दोघांचं जमायचं कसं?

पण बरोक संगीत आपण समजतो तेवढं बांधलेलं नव्हतं. त्या काळी पेटीसारखं पट्ट्यांचं वाद्य वाजवणाऱ्यापुढे पुष्कळदा खालच्या सुरांची एकच ओळ लिहिलेली असे, आणि तिच्याजवळ काही आकडे. कुठल्या सुरावर कुठले सूर जुळतील, एवढंच ते आकडे सांगत. बाकीची भरणी वादकानं त्या क्षणी करायची. योहान सेबास्टियन बाख हा त्या काळचा सर्वांत थोर संगीतकार. १७४७ साली प्रशियाच्या फ्रेडरिक राजानं पोट्सडॅमला त्याच्यापुढे एक स्वरावली ठेवली. बाखनं तिथल्या तिथे तिच्यावर तीन आवाजांची गुंफण वाजवून दाखवली. आपले गवई जिला उपज म्हणतात, तीच ही.

आता जॅझकडे पाहा. तिथेही गाण्याचा सांगाडा ठरलेला असतो. खालचा सूर कुठे बदलायचा, किती मात्रांनी बदलायचा, हे सर्वांना ठाऊक असतं. त्या पायावर ज्याचा त्यानं आपला मजला चढवायचा. म्हणजे दोन्ही घरांची जोती सारखीच. म्हणूनच १९३७ साली पॅरिसला स्टेफान ग्रापेली आणि एडी साउथ या दोन व्हायोलिनवाल्यांनी, जँगो राइनहार्टच्या गिटारच्या साथीनं, बाखची एक रचना जॅझच्या चालीनं ध्वनिमुद्रित केली. पुढे १९५९ पासून जाक लूसिए या फ्रेंच पियानोवादकानं बाखच्याच रचनांवर जॅझची उपज करून जगभर श्रोते मिळवले.

हे सारं आपल्यापासून फार दूर आहे असं नाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती मुलं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला गेली. तिथल्या हॉटेलांत ती जॅझ वाजवू लागली आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ हे चिक चॉकलेट या नावानं ट्रम्पेट वाजवीत. आपले सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा केला आणि आपल्या रागांवर पाश्चात्त्य पद्धतीच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. या वादकांपाशी वाचायची विद्याही होती आणि सुचण्याची कलाही. पण त्यांतल्या कितीतरी जणांची नावं चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आलीच नाहीत.

कुणी म्हणेल, ही तर भेसळ. पण आपली पेटी कुठली? तीही युरोपातूनच आली. १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर या पेटीला मज्जाव होता. आणि तिच्यावाचून दशावतार उभा राहील का? दुधात पाणी घातलं तर ती भेसळ. दुधाला विरजण लावलं तर ते दही. पाया राखून केलेलं मिश्रण हे विरजणासारखं असतं.

आता खरी काळजीची गोष्ट. युरोपात पुढे पुढे सगळं काही कागदावर लिहिलं जाऊ लागलं. चर्चमधल्या ऑर्गनवाल्यांनी आयत्या वेळी वाजवण्याची विद्या जपली, पण मैफलीतून ती बव्हंशी गेली. सुचलेला सूर नाहीसा झाला तो कुणी बंदी घातली म्हणून नव्हे, तर त्याची गरज उरली नाही म्हणून. उद्या दशावतारी नटाच्या हातीही पाठ केलेले संवाद दिले तर हेच व्हायचं. आणि पुराण न वाचता कुणी नुसत्या विनोदावर वेळ मारून नेऊ लागला, तरी हेच व्हायचं. म्हणून दोन्ही हवं, पाठांतर आणि उपज.

गुरुजींनो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. पेटीवर खाली सा, म, प, सा असे सूर धरा, प्रत्येकी चार मात्रा. सा चालू असताना सा-ग-प जुळतात, म ला म-ध-सा, आणि प ला प-नी-रे. एवढं मुलांना घोटून द्या. मग एकेका मुलाला म्हणा, ‘आता तू तुझं गा.’ पहिल्या दिवशी पोरं लाजतील. चारआठ दिवसांत एखादं पोर असं काही गाऊन दाखवील की तुम्ही पेटी थांबवून ऐकत राहाल. पण पेटी थांबवू नका बरं का! पाया तुमच्या हातात आहे.