कोरडें आम्ल



आम्ल म्हटलें कीं आपणांस लिंबाचा रस किंवा गंधकाम्लाची बाटली आठवते. परंतु आज ज्या आम्लाविषयीं बोलावयाचें आहे, तें हातांत घेतल्यास केवळ कोरडी भुकटी आहे. आणि जगांतील पेट्रोलचा मोठा हिस्सा तिच्याच संपर्कानें तयार होतो.

यूजीन हूद्री या फ्रेंच इंजिनीयरानें जड तेलाची तप्त वाफ आम्लानें संस्कारिलेल्या चिकणमातीवरून नेली. जड रेणु तुटून हलकें पेट्रोल मिळालें. १९३७ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील मार्कस हुक येथें सन ऑइल कंपनीनें या पद्धतीचा मोठा कारखाना चालविला. स्वतः खर्च न होतां क्रिया घडविणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

पण मातींत हा आम्लपणा येतो कोठून? तिच्या सांगाड्यांत सिलिकॉनचा परमाणु चार ऑक्सिजन परमाणूंच्या मध्यें बसलेला असतो. सिलिकॉनची संयुजा चार, त्यामुळें हिशेब चोख जुळतो. आतां त्याच्या जागीं अ‍ॅल्युमिनियम आलें, तर त्याची संयुजा तीनच असल्यानें तेथें एक ऋणभार शिल्लक राहतो. तो फेडण्यास शेजारच्या ऑक्सिजनला एक प्रोटॉन येऊन चिकटतो. सहज देतां येणारा हा प्रोटॉन म्हणजेच आम्लस्थान. १९२३ सालीं डॅनिश शास्त्रज्ञ ब्रॉन्स्टेड यांनीं प्रोटॉन देणाऱ्यास आम्ल म्हटलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील लुइस यांनीं इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणाऱ्यास तेंच नांव दिलें. या भुकटींत दोन्ही प्रकारचीं स्थानें आढळतात.

मग अ‍ॅल्युमिनियम वाढवीत गेल्यास काम वाढत जाईल काय? तसें घडत नाहीं. त्याचे परमाणु दाटीनें बसले कीं स्थानें वाढतात, पण एकेकाची शक्ति मंदावते. विरळ बसले कीं ती तीव्र होते. म्हणून सुबक, सच्छिद्र रचनेच्या झिओलाइट स्फटिकांचें महत्त्व. मोबिल कंपनींतील प्लँक व रोसिन्स्की यांना अशा उत्प्रेरकाचें पेटंट १९६४ सालीं मिळालें.

या स्थानांना शत्रुही आहेत. तेलांतून उरलेल्या कोळशाचा थर त्यांना झांकतो. तो हवेंत जाळून टाकला कीं तीं पुन्हां मोकळीं होतात. तेलांतील अल्कधर्मी नत्रयुक्त द्रव्यें मात्र प्रोटॉनच अडकवून ठेवतात. तप्त वाफ तर अ‍ॅल्युमिनियमला सांगाड्याबाहेर काढते, आणि ती हानि जाळून भरून येत नाहीं.

तात्पर्य, या भुकटीची योग्यता तिच्या वजनावरून ठरत नाहीं. एका भाराची उणीव कोठें आहे आणि ती किती काळ टिकते, यावर सारा कारखाना चालतो.