एकाच विहिरीचे दोन हंगाम

सोलापूर जिल्ह्याच्या जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढे पाणी मुरते, तेवढेच विहिरींना नि बोअरना मिळते. पाऊस मुळात कमी, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. साठा लहान असल्याने पातळीबरोबर पाण्याची प्रतही बदलते.

उन्हाळ्यात मुरणारे नवे पाणी नसते. खडकाच्या सहवासात राहिलेल्या जुन्या पाण्यात क्षार वाढतात. मे महिन्यात विहीर तळाला गेली की तेच पाणी मचूळ लागते, साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही. डाळिंबाच्या बागेत ठिबकचे ड्रिपर चुन्याने बुजतात.

उसाच्या पट्ट्यात वेगळाच धोका असतो. कालव्याचे पाणी बेसुमार दिले की काळ्या जमिनीतून त्याचा निचरा होत नाही. भूजल वर येते, उन्हाने उडून जाते आणि मागे पांढरा थर राहतो. पाण्यात सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण बनते: ओली असता चिकट, वाळली की दगडासारखी. चोपण जमिनीला जिप्सम आणि निचऱ्याचे चर लागतात. नुसत्या खारवट जमिनीत जिप्समवरचा खर्च वाया जातो. म्हणून परीक्षण आधी, उपाय नंतर.

पावसाळ्यात पाणी गोड लागते, पण पिण्याच्या दृष्टीने हाच काळ जास्त जपण्याचा. पहिल्या सरींबरोबर उकिरडे, शोषखड्डे आणि शेतातला युरिया यांचा अंश झिरपून विहिरीत उतरतो. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीने जंतू मरतात, त्यांच्याबरोबर आलेले नायट्रेट मात्र तसेच राहते. पाणी उकळल्याने ते उलट दाटते. भारतीय मानकाची नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सूट नाही. एकूण क्षारांना ५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला तेवढीही मुभा नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना त्याचा सर्वाधिक धोका.

म्हणूनच तपासणी वर्षातून दोनदा हवी: एकदा पावसाआधी, एकदा पावसानंतर. बोअरचा नमुना मोटर काही वेळ चालवून घ्यावा, बाटली त्याच पाण्याने विसळावी. जंतूंसाठीचा नमुना मात्र प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत, न विसळता घ्यावा आणि त्याच दिवशी पोचवावा.